काळीच्या पोटातली गल्ली

मारबतीच्या मिरवणुकीचा फिल्म रोल आज एकदाचा धुतला, तोही कॉफीत. इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि व्हिटॅमिन सीची पावडर, डेव्हलपर म्हणून, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवायला, एवढं पुरतं, ते चित्र टिकवणारा फिक्सर मात्र खरा लागतोच. वास इतका उग्र की आईने सगळ्या खिडक्या उघडल्यात.

नागपूरबाहेरच्यांसाठी सांगते, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे बाईच्या रूपातले मोठे पुतळे, मिरवणुकीने निघतात, काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. सोबत बडगे, म्हणजे त्या वर्षी लोकांचा राग ज्याच्यावर असेल त्याचे पुतळे, महागाई म्हणा, भ्रष्टाचार म्हणा. काळी तर इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या, नागपूरच्या राजघराण्यातल्या बाकाबाई भोसलेंवरच्या रागातून आली असं सांगतात. "इडा पिडा घेऊन जा गे मारबत" असं ओरडत सगळी इतवारी, आमची जुनी बाजारपेठ, रस्त्यावर येते आणि शेवटी मारबत जाळून टाकतात. दरवर्षी नवी करायची नि दरवर्षी जाळायची. म्हणूनच मला तिचा नुसता स्वच्छ, शार्प फोटो कधी पटला नाही.

तर हा रोल दोनदा वापरलाय. गेल्या वर्षी पोळा झाल्यावर एका सकाळी, दुकानं उघडायच्या आत, इतवारीच्या रिकाम्या गल्ल्या काढल्या, लाकडी खांबांची घरं, ओटे, बंद शटरं. भरतानाच फिल्मवर मार्करने खूण केली होती, पुन्हा भरता यावा म्हणून रिवाइंड करताना टोक बाहेर ठेवलं आणि रोल वर्षभर फ्रिजमध्ये. यंदा मिरवणुकीत तोच रोल खुणेला खूण लावून भरला आणि जमेल तसं त्याच जागांवर, त्याच क्रमाने उभी राहिले. फिल्म ४०० आयएसओची, मीटर ८०० वर, म्हणजे दर वेळी निम्माच प्रकाश, कारण तो दोन वेळा पडणार.

आणि निगेटिव्ह स्कॅन केल्यावर जे दिसलं ना! पिवळी ब्लॅक अँड व्हाइटमध्ये जवळपास पांढरी येते, तिने मागची गल्ली पार पुसून टाकली. पण काळी काळीच, तिच्या अंगावरून फिल्मवर प्रकाश आलाच नाही, त्यामुळे गेल्या वर्षीची गल्ली तिच्या पोटात जशीच्या तशी राहिली, कठड्यासकट, वाळत घातलेल्या लुगड्यासकट. ते घर आता नाहीये, पाडलं, तिथे गाड्या लावतात. माझ्यासाठी हा फोटो सगळ्या रोलच्या वर आहे.

पानठेल्यावाल्या काकांना दाखवला तर आधी म्हणाले, "हे काय करून राहिली पोरी, दोन फोटो चिकटले का?" मग चष्मा काढून, फोन नाकाशी नेऊन पाहिलं आणि त्या घरात खाली शिलाई मशीन कुठे होती, जिना कुठून चढायचा, पोळ्याला बैल कुठे बांधायचे, सगळं सांगत सुटले, गिऱ्हाईक उभं राहिलं तरी थांबेनात. त्यांना मोठा प्रिंट हवाय, ठेल्यात लावायला. तो देणारच.

रविवारी पहाटे जागनाथ बुधवारीकडे जायचंय, तिकडची जुनी घरं उभी आहेत तोवर पुढच्या रोलचा पहिला थर घेऊन ठेवते.