जुन्नरला या, पण शिवनेरीवरच थांबू नका

आमच्या जुन्नर तालुक्यात पाहुणे येतात, शिवनेरीवर शिवरायांच्या जन्मस्थानी माथा टेकतात, लेण्याद्रीच्या पायऱ्या चढून गिरिजात्मजाचं दर्शन घेतात आणि संध्याकाळी परत पुण्याला. माझं म्हणणं, एक रात्र राहा आणि सकाळी लवकर घाटघरच्या रस्त्याने नाणेघाट गाठा.

घाटाच्या तोंडाशी मोठा दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणून ओळखला जातो. खाली खिंडीत सातवाहनांची गुहा. भिंतीवर नागणिका राणीचा ब्राह्मी लेख, त्यात यज्ञांची आणि दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी-घोड्यांची मोजदाद. भारतातल्या सगळ्यात जुन्या अंकलेखनापैकी ते आकडे. समोरच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या, आता वर कोरलेली नावं आणि खाली पावलं तेवढी उरलीत. मी तिथे नेहमी बराच वेळ बसते. कोकणातून बैल हाकत आलेले व्यापारी याच गुहेत टेकले असणार!

पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी वाऱ्याने उलटं वर उडतं. तेव्हा कडेला जाऊ नका, दगड फार निसरडे असतात. आणि गुहेच्या भिंतीवर नावं खरडणाऱ्यांना तिथल्या तिथे टोका, मी टोकते.

शेजारचा जीवधन किल्ला चढायला अवघड, वाटाड्या घ्याच. मुलं सोबत असतील तर २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास खोडदची रेडिओ दुर्बीण पाहा: ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. जेवायला मात्र मासवडीच मागा, रस्सा आणि बाजरीच्या भाकरीबरोबर.