पुस्तकांची आगोट

मे संपत आला की आमच्या गावात आगोटीशिवाय दुसरा विषय नसतो. सुकट, बोंबील, आमसुलं, फणसपोळ्या, मिरच्या, कांदे, तांदूळ, चुलीची फाटी, सगळं चार महिन्यांचं भरून झालं पाहिजे. मी घाटावरची. आमच्याकडेही पावसाळ्याआधी थोडंफार भरून ठेवतात, पण एवढी धावपळ नाही. लग्न होऊन दापोली तालुक्यात आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच मे महिन्यात मला माळ्यावर चढवलं आणि खालून एकेक बरणी वर द्यायला सुरुवात केली. "ठेव, पण भिंतीला टेकवू नको." का, ते विचारायची सोय नव्हती. जुलैत भिंतीला हात लावला आणि कळलं.

ती घरची आगोट. दुसरी मी शाळेत शिकले, बाईंच्या हाताखाली.

मुक्त विद्यापीठातून बी.लिब. केलं होतं, त्या जोरावर इथल्या हायस्कुलात अर्धवेळ ग्रंथपालाची जागा मिळाली. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा. काम अर्धं कसं करायचं ते अजून मला कुणी सांगितलेलं नाही. आधीच्या ग्रंथपाल बाई ३१ मेला निवृत्त झाल्या होत्या, मी १५ जूनला रुजू झाले. चार्ज द्यायला म्हणून त्या आल्या. चार हजारांवर पुस्तकं. त्यांनी दाखल नोंदवहीतला एकेक क्रमांक वाचायचा, मी कपाटात पुस्तक शोधून 'आहे' म्हणायचं. आठ-दहा दिवसांचं काम. बाई दिवाळीपर्यंत येत राहिल्या. त्यांना अख्खी शाळा 'बाई' म्हणायची, मुख्याध्यापकसुद्धा. माझी पहिल्या दिवशीच 'मॅडम' झाली. बाई काही मला होता आलं नाही.

पहिल्या आठवड्यात मी कपाटं लावली. उंचीप्रमाणे पुस्तकं, पाठीवर नव्या चिठ्ठ्या, काचेची दारं पुसून लख्ख. संध्याकाळी प्रत्येक दाराला कुलूप घातलं आणि किल्ल्यांचा जुडगा बाईंच्या पुढ्यात ठेवला, शाबासकीच्या अपेक्षेने.

"कुलूप कशाला गो?"

"चोरी..."

"चोर येणारेत पुस्तकं न्यायला? आले तर नाव-पत्ता लिहून घे. वाचक वाढला."

मला हसू आलं, पण कुलपं काही मी काढली नाहीत. पुढे आठवडाभर पाऊस कोसळत होता. नवव्या की दहाव्या दिवशी मी तिसरं कपाट उघडलं आणि आतून भिजलेल्या पोत्यासारखा वास आला. चरित्रांची अख्खी रांग पाठीवर पांढरट हिरवी झाली होती. काळ्या कापडी बांधणीवर तर ती बुरशी इतकी नाजूक, कशिद्यासारखी उठली होती की क्षणभर बघतच राहिले. बाईंनी एका पुस्तकाच्या पाठीवरून बोट फिरवलं, मला दाखवलं आणि पदराला पुसलं. बोलल्या काहीच नाहीत.

रंगनाथनांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धांत मांडले. त्यातला पहिला, 'ग्रंथ उपयोगासाठी आहेत'. हे वाक्य सोपं वाटतं, पण त्यामागे कुलपांचा मोठा इतिहास आहे. युरोपात एके काळी ग्रंथ साखळीने फळीला बांधून ठेवत. परीक्षेत या सिद्धांतावर मी साडेतीन पानं लिहिली होती, साखळ्यांसकट. आणि इथे येऊन कपाटाला कुलूप ठोकलं.

आमच्याकडे हा सिद्धांत पाऊसच शिकवतो. हवेतला ओलावा सत्तर टक्क्यांच्या वर गेला आणि हवा कोंडली की बुरशीला आणखी काही लागत नाही. जुलैत तो सत्तरच्या खाली क्वचितच उतरतो, म्हणजे आपल्या हातात राहतं ते एवढंच की हवा कोंडू द्यायची नाही. दारं उघडी ठेवायची, पुस्तकं दाटीने कोंबायची नाहीत, भिंतीपासून कपाट वीतभर पुढे ओढायचं (सासूबाईंची बरणी आठवली), आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे पुस्तक हलतं ठेवायचं. कडुनिंबाचा पाला, डांबरगोळ्या, पुठ्ठे चिकटवायच्या खळीत चिमूटभर मोरचूद, हे सगळं बाई करत होत्याच. पण त्यांचा खरा उपाय वेगळा होता.

"आता आगोट काढायची," त्या म्हणाल्या.

आगोट भरतात, काढतात कशी? तर अशी. नियमाप्रमाणे प्रत्येक मुलाला आठवड्याला एक पुस्तक. बाई जूनच्या दुसऱ्या पंधरवड्यात प्रत्येकाला तीन द्यायच्या, आणि परतीची तारीख थेट ऑगस्टची. साडेपाचशे मुलं, निम्म्यांनी नेली तरी आठशेवर पुस्तकं कपाटाबाहेर. उरलेल्यांना वारा लागायला जागा. "इथे चार खोल्यांत मिळून एक पंखा," बाई म्हणाल्या, "आणि घरात चूल आहे, माणसं आहेत, कोणी ना कोणी पान उलटतं. पावसाळा काढायला पुस्तकाला घरच बरं."

माझी हिशेबी बुद्धी म्हणाली, हरवली तर? फाटली तर? गळक्या घरात भिजली तर? बाईंना हे सगळं ठाऊक होतं. दरवर्षी पाच-पंचवीस जायचीच. एका वर्षी एक जाडजूड व्याकरण कोणाच्या तरी घरी दाराला अडसर म्हणून दोन महिने राबलं होतं. "पण व्याकरण इथे तरी कोण वाचत होतं?" असा त्यांचा सवाल. हिशेब तपासणीत त्या याचं उत्तर काय देत असत, ते मी विचारलं नाही. आता मला द्यावं लागतं, आणि ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ऑगस्टात पुस्तकं परतली तेव्हा मी ती नाकाशी धरून बघितली. धुराचा वास. काहींना सुकटीचा, काहींना खोबरेल तेलाचा. दोनशेतल्या पाच-सहांवर बुरशी होती. कपाटात राहिलेल्यांची गोष्ट मी बोलत नाही.

आता बाईंच्या चोपडीबद्दल. देवघेव नोंदवही सरकारी. कोणी काय नेलं, कधी आणलं. त्याखेरीज बाईंची स्वतःची एक दोनशे पानी वही होती, तेलकट, कोपरे दुमडलेली. चार्जाच्या यादीत ती नव्हतीच. सप्टेंबरात एक दिवस त्यांनी पिशवीतून काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि शिपाईमामांशी गप्पा मारायला बाहेर गेल्या. मी उघडली.

"७ वी ब, खिडकीजवळचा. वाचत नाही. आजीला वाचून दाखवतो. मोठ्या अक्षरातलं दे."

"५ वी. नुसती चित्रं बघते. बघू दे."

"९ वी अ, दोघी बहिणी. एकच पुस्तक दोन नावांवर नेतात, म्हणजे दुप्पट दिवस मिळतात. माहीत नसल्यासारखं कर."

"६ वी. भुताचं मागतो. रात्री घाबरतो म्हणून आई ओरडून गेली. तरी मागतो. दे, पण शुक्रवारी नको."

शुक्रवारी का नको? शनिवारी शाळा सकाळची, पहाटे उठावं लागतं. एवढा विचार त्या भुतांच्या पुस्तकामागे होता. पानांमागून पानं हेच. पुस्तकांबद्दल चोपडीत जवळजवळ काही नव्हतं. वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा असे माझे पेपर झाले होते. खिडकीजवळच्या मुलाच्या आजीवर पेपर नव्हता.

वर्गीकरणावरून आमचं एकदाच वाजलं. बाईंनी विषयवार ढोबळ गट केले होते, मी ड्यूईची दशांश पद्धत लावायला घेतली, म्हणजे प्रत्येक विषयाला एक आकडा. १८७६ साली निघालेली, जगभर चालते, आमच्या चार हजारांना का नाही? गणपतीपर्यंत मी सहाशेच्या घरात पोचले होते. आणि आठवीतला एक मुलगा आला. "मॅडम, बांगड्याचं पुस्तक हाय?"

मी खूश झाले. ५९७ म्हणजे पाण्यात पोहणारा बांगडा. ६३९ म्हणजे जाळ्यात सापडलेला. ६४१ म्हणजे तव्यावरचा. एकच मासा, तीन कपाटं. "तुला कुठला हवाय?" मी विचारलं. मुलगा माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बापूस विचारतो, बांगडा येतो कुठनं आन् जातो कुठं."

१ जून ते ३१ जुलै समुद्रात मासेमारी बंद असते. हर्णैच्या बंदरावर एरवी लिलावाच्या वेळी पाय ठेवायला जागा नसते, त्या दोन महिन्यांत होड्या शाकारून ठेवलेल्या असतात आणि पुरुष माणसं ओटीवर जाळी दुरुस्त करत बसतात. या मुलाच्या बापसाला त्या बंदीत वाचायचा नाद लागला होता, तो बंदी उठली तरी सुटला नव्हता. चोपडीत नोंद होतीच: "८ वी अ. बापूस वाचतो. बंदी असेपर्यंत तीन-तीन दे. मुलगा निरोप्या."

मी ५९७ मधलं पुस्तक दिलं. बाईंनी मागून ६३९ मधलंही त्याच्या हातात कोंबलं. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तुझे ड्यूईसाहेब हर्णैला आले असते तर त्यांनी मासे एकत्र ठेवले असते." मी वाद घातला, पद्धत म्हणजे पद्धत वगैरे. शेवटी पाठीवरचे आकडे माझे राहिले आणि मासे दाराशेजारच्या एका फळीवर एकत्र आले. तिन्ही आकडे शेजारी शेजारी. तपासणीला कोणी आलं की मला त्या फळीसमोर उभं राहावं लागतं.

पंधरा दिवसांनी पुस्तक परत आलं. तिसाव्या पानावर एका माशाचं चित्र, खाली छापलेलं 'बांगडा', आणि त्याखाली पेन्सिलीने, जाळ्याच्या गाठीसारख्या घट्ट अक्षरात: "हा बांगडा नव्हे. सुरमई." ग्रंथालयाच्या पुस्तकात लिहायचं नाही, हा नियम आम्ही भिंतीवर रंगवलेला आहे. मी खोडरबर शोधू लागले.

"पुसू नको," बाई म्हणाल्या. "त्याचंच बरोबर असणार."

ते पान अजून तसंच आहे.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मला फार कंटाळा यायचा, हेही सांगून टाकते. पावसाची दुपार, चौथा तास, लायब्ररीत कोणी नाही, पागोळ्यांचा आवाज आणि मी. एकदा म्हणाले, बाई, वर्गावर शिकवणं बरं. त्या म्हणाल्या, "रंगनाथनांनाही तसंच वाटलं होतं ना?" त्यांना हे माहीत असेल असं वाटलं नव्हतं. खरंच आहे ते. गणित शिकवणारा माणूस १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि थोड्याच दिवसांत कंटाळून म्हणाला, मला परत शिकवायला पाठवा. पुढे लंडनला जाऊन ग्रंथालयं बघितली आणि मग जन्मभर तेच केलं. मला लंडनला कोणी पाठवणार नव्हतं. बाईंनी रत्नागिरीला पाठवलं, जिल्हा नगर वाचनालय बघून ये म्हणून. ते १८२८ सालचं. म्हणजे दोनशेला चारदोन कमी इतके पावसाळे काढलेलं. मी तिथे गेले आणि आधी भिंत आणि कपाट यांच्यात बोट घालून बघितलं. तिथल्या एक ताई माझ्याकडे संशयाने बघत होत्या.

चोपडीत एक पान मात्र मुलांचं नाही. ३ जून २०२०, निसर्ग चक्रीवादळ. "पत्रे गेले. कपाट ३, ४ पूर्ण. विश्वकोश, चित्रांचे ग्रंथ विटा झाले." गुळगुळीत कागद भिजून सुकला की पानाला पान चिकटतं आणि अख्खं पुस्तक वीट होतं, सुटं करायला गेलं तर छपाईच सोलून येते. त्या वर्षी मार्चमध्ये शाळा अचानक बंद झाल्या होत्या, म्हणून शेदोनशे पुस्तकं मुलांच्या घरी अडकलेली. त्यातली बरीच वाचली, असं बाई सांगतात. सगळी नाही. ज्या घरांची कौलंच उडाली तिथे पुस्तकाची चौकशी त्यांनी केली नाही, सरळ निर्लेखनाच्या, म्हणजे नोंदवहीतून कमी करायच्या, यादीत नाव घातलं.

दिवाळीच्या सुट्टीआधी चार्ज पुरा झाला. एक पुस्तक सोडून. दाखल क्रमांक १३८६, कपाटात नाही, निर्लेखनात नाही. देवघेवीच्या जुन्या नोंदवह्या काढून मागे मागे जात राहिले आणि १९९८ च्या जूनमध्ये ते सापडलं. नेणाऱ्याच्या रकान्यात बाईंची स्वतःची सही.

दोन दिवस मी गप्प राहिले. मग न राहवून विचारलं.

"हो, ते. घरी आहे," बाई म्हणाल्या. जराही न बावरता.

"वाचून व्हायचंय का अजून?"

"छे, पाच-सहा वेळा झालं."

"मग आणून ठेवू या ना. चार्ज पुरा होईल."

बाईंनी खिडकीबाहेर बघितलं, मग कपाट क्रमांक तीनकडे.

"इथे ओलं होईल गो ते," त्या म्हणाल्या.

मी नूतनीकरणाची नोंद केली.