आधी जेवणाचं सांगा, मग बाटलीचं बोलू

दुकानात येणारे बरेच जण थेट विचारतात, ‘‘तुमच्याकडची सगळ्यात चांगली वाइन कुठली?’’ मी त्यांनाच उलट विचारते, ‘‘जेवायला काय आहे? किती जण आहात? आजच उघडणार की ठेवणार?’’ पहिल्यांदा आलेल्या माणसाला वाटतं, ही बाई उत्तर टाळतेय. पण एवढं कळल्याशिवाय मी बाटलीला हात लावत नाही. फ्रान्समध्ये वाइन जेवणाच्या टेबलावर येते, पावाच्या शेजारी. ती त्या जेवणाला, त्या माणसांना आणि त्या खिशाला जुळली पाहिजे. माझी नोकरी म्हणजे ही जुळवाजुळव, आणि मला ती फार आवडते.

आमचं दुकान बोन या गावात आहे. बुर्गोन्य प्रांत, दिजोंहून रेल्वेने वीस-पंचवीस मिनिटं. जेमतेम २० हजार वस्तीचं गाव, पण गावाच्या पोटात सगळीकडे वाइनची तळघरं. आमचंही एक आहे, दगडी कमानींचं. उन्हाळ्यात रस्त्यावर ३५ अंश असले तरी खाली १२-१३च. बाटल्या आडव्या ठेवलेल्या असतात, म्हणजे बूच वाइनने ओलं राहतं, आकसत नाही आणि हवा आत शिरत नाही. भारतातून फोन आला की नातेवाईक हमखास विचारतात, ‘‘दिवसभर चाखायचीच का गं वाइन?’’ दिवसभर करायची असतात ती कामं वेगळीच. बारा बाटल्यांचं खोकं पंधरा किलोंच्या पुढे जातं आणि तळघराच्या पायऱ्या अरुंद आहेत. सकाळची वेळ माल उतरवणं, मोजणं, फळ्या पुसणं आणि किमतीच्या पाट्या लावणं यात जाते. दुपारी बारा ते दोन दुकान बंद, कारण त्या वेळात गाव जेवतं. शनिवारी चौकात आठवडी बाजार भरतो, तेव्हा श्वास घ्यायला फुरसत नसते. रविवारी सकाळी उघडं, सोमवारी सुट्टी.

चाखणं असतंच, पण ते काम म्हणून. साधारण अकराच्या सुमाराला, जेवणाआधी, जीभ ताजी असताना. त्या दिवशी अत्तर लावायचं नाही, त्याआधी कॉफी घ्यायची नाही. एखादा बागायतदार स्वतः सहा-आठ बाटल्या घेऊन येतो. प्रत्येकीतली दोन बोटं ग्लासात. रंग बघायचा, न हलवता वास घ्यायचा, मग ग्लास फिरवून पुन्हा वास, मग घोट तोंडभर खेळवायचा आणि पिकदाणीत थुंकायचा. थुंकणं इथे अजिबात असभ्य नाही. न थुंकणाऱ्याला चौथ्या बाटलीपासून पुढचं काही नीट कळत नाही, आणि ज्याला कळत नाही त्याने पुढे गिऱ्हाइकाला काय सांगायचं? मी वहीत दोनच ओळी लिहिते. एक चवीची, दुसरी ‘हे कोणाला देता येईल’ याची. मला दुसरी जास्त महत्त्वाची वाटते.

गिऱ्हाइकांना चाखवायला उघडलेली प्रत्येक बाटली आधी मी स्वतः हुंगते. कधी कधी बुचातून टीसीए नावाचं रसायन वाइनमध्ये उतरतं आणि ओल्या पुठ्ठ्यासारखा, कोंदट तळघरासारखा वास येतो. पिऊन अपाय होत नाही, पण फळाचा सुगंध मरून जातो. अशी बाटली कोणी परत आणली तर आम्ही वाद न घालता बदलून देतो. लोकांना परत आणायचा संकोच वाटतो, ‘आपल्यालाच कळत नसेल’ असं वाटतं. तो संकोच घालवणं हाही माझ्या कामाचाच भाग आहे असं मी मानते.

बुर्गोन्यची वाइन समजावून सांगणं अवघड का, ते सांगते. लाल वाइन जवळजवळ सगळी पिनो न्वार या एकाच द्राक्षाची, पांढरी मुख्यतः शार्दोनेची. बाटलीवर बहुधा द्राक्षाचं नाव नसतंच, जमिनीचं असतं. आधी प्रांत, त्यावर गाव, त्यावर गावातला ‘प्रमिए क्रू’ म्हणजे वरच्या दर्जाचा मळा, आणि सगळ्यांच्या वर ‘ग्राँ क्रू’. ग्राँ क्रू सगळे मिळून ३३. एका मळ्याची माती आणि उतार शेजारच्या मळ्याहून वेगळा, म्हणून चव वेगळी, हे इथल्या मठांतल्या साधूंनी शतकानुशतकं बघून ठेवलं. या मळ्यांच्या बारीक वाटणीला २०१५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात स्थान मिळालं. पण एकेका मळ्याचे मालक तरी किती! क्लो द व्हूजो हा भिंतीआडचा मळा जेमतेम ५० हेक्टरचा आणि मालक ८० च्या आसपास. फ्रेंच वारसा कायद्याने मुलांना वाटण्या देता देता तुकडे पडत गेले. त्यामुळे एकाच मळ्याचं नाव लावलेल्या दोन बाटल्यांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. नाव जमिनीचं असलं तरी चव शेवटी कसणाऱ्याच्या हातात आहे. कोणता हात नीट चालतोय हे दरवर्षी चाखून बघणं आणि सांगणं, यासाठी दुकानदार लागतो.

आणि म्हणूनच मोठ्या नावांच्या मागे धावू नका, असं मी प्रत्येकाला पोटतिडकीने सांगते. मेर्सो गावची बरी पांढरी वाइन आता ५० युरोंच्या खाली क्वचितच मिळते. डोंगराच्या बाजूला थोडं वर गेलं की सँ-रोमँ लागतं. पूर्वी तिथली द्राक्षं थंडीमुळे काही वर्षी पुरती पिकायची नाहीत, म्हणून गावाला मान नव्हता. आता हवामान बदललंय. बोनच्या काढणीच्या तारखांची १३५४ पासूनची नोंद अभ्यासकांनी जुळवून २०१९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यात १९८८ पासूनची काढणी आधीच्या शतकांच्या सरासरीपेक्षा १३ दिवस लवकर होत असल्याचं दिसलं. २०२० साली तर कित्येकांनी ऑगस्टमध्येच द्राक्षं उतरवली. बागायतदारांच्या चेहऱ्यावरची काळजी मी बघते, त्यामुळे ही बातमी आनंदाची म्हणवत नाही. पण सँ-रोमँसारख्या उंचावरच्या गावांना तिचा फायदा झाला, हे ग्लासात कळतं. पिकलेलं फळ आणि तरीही तरतरीत आंबटपणा, मेर्सोच्या जवळपास निम्म्या किमतीत.

दक्षिणेला गेलात तर रुली, मेर्क्युरे, जिव्री ही गावं. पिनो न्वारची ओळख करून घ्यायची तर मी जिव्रीची लाल देते. चेरीचा वास, तुरटपणा हलका, आणि ती आजच उघडता येते. पोमार गावची लाल जास्त तुरट असते, तिला काही वर्षं तळघरात पडून राहू द्यावं लागतं. ‘आज रात्री पाहुणे आहेत’ म्हणणाऱ्याच्या हातात तरुण पोमार देणं हे मी तरी करणार नाही, किंमत दुप्पट मिळाली तरी.

माझ्या सर्वांत जिव्हाळ्याचं द्राक्ष मात्र आलिगोते. शार्दोनेच्या सावलीत राहिलेलं, आंबट म्हणून हिणवलेलं. कासीस या काळ्या बेरीच्या गोड लिकरमध्ये ओतायला बरं, एवढीच त्याची ख्याती होती. त्या पेयाला दिजोंचे १९४५ ते १९६८ या काळातले महापौर फेलिक्स किर यांच्यावरून किर म्हणतात. पण बूझरों या छोट्या गावाच्या नावाने जी वाइन निघते ती फक्त आलिगोतेचीच. जुन्या वेलींची, कमी उत्पादन घेणाऱ्या हातची आलिगोते एकदा चाखाच. लिंबाची साल, ओला दगड, शेवटी जिभेच्या कडांना झिणझिण्या. गोगलगाईंबरोबर, अजमोद्याच्या पानांच्या जेलीत बसवलेल्या हॅमबरोबर, बकरीच्या ताज्या चीजबरोबर ती चोख बसते. अशी बाटली वीस युरोंच्या आत मिळते आणि ती देताना मला जो आनंद होतो तो महागड्या ग्राँ क्रूच्या विक्रीत होत नाही.

चीजवरून रोजचा वाद. फ्रेंच माणसाला चीजबरोबर लालच हवी असते. माझा अनुभव उलटा आहे. एप्वास हे इथलं उग्र वासाचं चीज लाल वाइनला कडवट करून टाकतं. त्याला भरदार पांढरी द्या. आणि कोंते चीज असेल तर शेजारच्या ज्युरा भागातली ‘व्हँ जोन’. ती पिंपात किमान सहा वर्षं तीन महिने राहते, वर यीस्टचा पातळ पापुद्रा धरते, आणि ६२ सेंटिलिटरच्या बुटक्या बाटलीत भरतात. अक्रोडाचा वास येतो. पहिल्या घोटाला लोक दचकतात. चीजचा तुकडा तोंडात ठेवून दुसरा घोट घ्यायला लावला की चेहरा बदलतो. हा बदल बघण्यासाठी मी ती बाटली पदरमोड करूनही उघडीन.

गल्लीत राहणाऱ्या एक वयस्कर बाई दर शनिवारी येतात. आम्ही अजून एकमेकींना तुम्हीच म्हणतो, इथली रीत तशी आहे. ‘‘मादाम, उद्या काय बेत?’’ ‘‘कोंबडी, मोरेल अळंबी आणि साय. मुलगा येतोय.’’ मी रुलीची पांढरी दिली. पुढच्या शनिवारी दारातूनच म्हणाल्या, ‘‘मुलाने नाव लिहून नेलं.’’ फ्रान्समध्ये टीव्हीवर दारूची जाहिरात करता येत नाही, १९९१ च्या एव्हँ कायद्याने ती बंद आहे. छोट्या दुकानाला असं कोणीतरी नाव लिहून नेणं हीच जाहिरात. एक विद्यार्थी आला होता, मैत्रिणीच्या आईवडिलांकडे पहिल्यांदा जेवायला जायचं होतं, खिशात १२ युरो. तो लाजून कोपऱ्यातल्या फळीकडे बघत होता. मी त्याला बुर्गोन्यची क्रेमां दिली, शॅम्पेनच्याच पद्धतीने बाटलीत दुसऱ्यांदा आंबवलेली फेसाळ वाइन. कुणाच्याही दारात मानाने द्यावी अशी आहे ती.

नाही म्हणणंही जमावं लागतं. १८ वर्षांखालच्यांना विक्री बंद, शंका आली की ओळखपत्र मागायचंच. आणि पिऊन आलेल्या, रोज संध्याकाळी एकट्यासाठी बाटली मागणाऱ्या माणसाला मी खुर्ची देते, पाणी देते, बाटली देत नाही. मालकीणबाईंनी मला पहिल्याच आठवड्यात हे बजावलं होतं, आणि त्या दिवशी या दुकानात टिकायचं हे मी ठरवलं.

नोव्हेंबरमध्ये गाव फुगतं. १४४३ मध्ये बुर्गोन्यच्या ड्यूकचे चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री, निकोला रोलँ आणि त्यांच्या पत्नीने गोरगरिबांसाठी इथे रुग्णालय स्थापन केलं, रंगीत कौलांचं. लोक त्या रुग्णालयाला मळे दान देत गेले. त्या मळ्यांच्या वाइनचा लिलाव १८५९ पासून होतो, आता नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी. विकली जातात ती २२८ लिटरची पिंपं, बाटल्या नव्हेत, आणि पैसा मुख्यतः रुग्णालयाला जातो. त्या आठवड्यात जगभरचे व्यापारी आमच्या दारात असतात. लगेच मागून डिसेंबर. भेटींची खोकी बांधून बांधून बोटांना चिरा पडतात.

माल मिळवणं ही वेगळीच लढाई. २०२१ च्या एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर कडाक्याचं हिम पडलं. बागांतून रात्रभर मेणाच्या बादल्या पेटवून ठेवल्या, तरी शार्दोनेचे कोंब फार जळाले. त्या वर्षीची वाइन बाजारात आली तेव्हा आम्हाला एकेका बागायतदाराकडून नेहमीच्या खोक्यांऐवजी मूठभर बाटल्या मिळाल्या. त्या कोणाला द्यायच्या? जास्त पैसे देणाऱ्या परक्याला की वर्षभर आलिगोते नेणाऱ्या शेजाऱ्याला? आम्ही शेजाऱ्यांसाठी ठेवल्या आणि दर वाढवला नाही. ते योग्यच झालं.

चाखायला शिकायचं म्हणून तिकडून विचारणाऱ्यांना एकच सांगते. पाच-सहा जण जमा आणि तीन बाटल्या घ्या: आलिगोते, एखादी शार्दोने, एखादी हलकी पिनो न्वार. न पिता गाडी कोण चालवणार ते आधी ठरवा. पांढरी फ्रिजमधून काढून वीस मिनिटं थांबा, बर्फगार वाइनला वासच नसतो. लाल उलट जरा गार करा, १४ ते १६ अंश, नाहीतर नुसता अल्कोहोल नाकात जातो. ग्लास एक तृतीयांशाच्या वर भरू नका. आधी नुसता घोट, मग खाण्याबरोबर, आणि दोन्ही वेळेला काय वाटलं ते आपल्या शब्दांत बोला. चेरी-व्हॅनिलाचे छापील शब्द नकोत. उरलेल्या बाटल्यांना बूच लावून तिन्ही फ्रिजमध्ये ठेवा, लालसुद्धा, आणि दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा चाखा. आदल्या दिवशी जी सगळ्यांना अबोल वाटली होती ती बऱ्याचदा तेव्हा खुलते, आणि पुढच्या वेळी दुकानात कुठली मागायची ते त्यावरून ठरवा.