खडूची रेघ : आमच्या ब्रेकच्या गॅरेजची वाटचाल

१९९७ साली कळंबोलीच्या लोखंड बाजारामागे पत्र्याची शेड घातली, तेव्हा आमच्याकडे तीनच वस्तू होत्या : लायनरला (ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या ब्रेकच्या अस्तराला) रिव्हेट मारायचं हाताचं मशीन, चौदाचा पाना आणि सहा इंची स्टीलची पट्टी. मशीन मावसभावाचं, पाना माझा आणि पट्टी कुणाची यावर अजून वाद आहे. २००३ मध्ये तो मस्कतला गेला. पट्टी इथंच राहिली, म्हणून ती माझी.

हवेचा ब्रेक कसा तपासायचा, हे ट्रेलरवाल्यांना सांगायची गरज नाही, तरी सांगतो. गाडी सपाटीवर, चाकांना दगड, पार्किंग सोडलेलं, टाकीत सहा बार हवा. बूस्टर म्हणजे हवेच्या दाबानं ब्रेक लावणारा डबा. त्याचा दांडा, म्हणजे पुश रॉड, बाहेर येतो तिथं खडूची रेघ मारायची. एकानं पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली शिरून रेघ किती सरकली ते पट्टीनं मोजायचं. तीस नंबरच्या बूस्टरला दोन इंचांच्या पुढे गेली की स्लॅक, म्हणजे ब्रेकची ढिलाई काढायचा जोड, ताणायचा. अडीच इंचांवर बूस्टर आतून टेकतो. मग ड्रायव्हर पेडलवर उभा राहिला तरी लायनरला काही पोचत नाही. आणि हे झालं थंड ड्रमचं. घाट उतरताना ड्रम तापून फुगतो, तेव्हा रेघ आणखी पुढे जाते. 'यार्डात तर लागत होता ब्रेक' असं म्हणणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

पुढची पंधरा वर्षं धंदा चालला. शेडला पिट (गाडीखाली उभं राहायचा खड्डा) आली, मुलीचं लग्न झालं.

जुलै २०१८ मध्ये केंद्रानं एक्सल लोड, म्हणजे एका आसावर घालायच्या वजनाची मर्यादा, वाढवलं. मालासकट गाडीच्या वजनाची ४९ टनांची मर्यादा ५५ टनांवर गेली. ती कुठल्या गाड्यांना लागू, हे विचारत बसायला बाजाराला वेळ नव्हता. जुन्या ट्रेलरवरही माल चढला. खाली ड्रम तेच, स्लॅक तेच.

२०१९ च्या पावसाळ्यात बावीस ट्रेलरच्या एका मालकाची तीन एक्सलची गाडी आमच्याकडे लायनर घालून गेली. बूस्टरचे डायफ्रॅम (आतले रबरी पडदे) कडक झालेले मी त्यांना दाखवले होते. म्हणाले, 'पुढच्या खेपेला बघू.' अकराव्या दिवशी पळस्पे फाट्याच्या अलीकडे आरटीओच्या वायुवेग पथकानं ती गाडी अडवली. निरीक्षक साहेब कपडे न बघता खाली शिरले. मधल्या एक्सलच्या डाव्या बूस्टरचा पाइप दुमडून बांधकामाच्या तारेनं आवळलेला. म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नाही. मागचा गार्ड (मागून येणारी गाडी खाली घुसू नये म्हणून लावलेला दांडा) वाकलेला, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलाच्या रंगाची. कंटेनर दुसऱ्या ट्रेलरवर घ्यायला लावला, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५६ खाली फिटनेसचं प्रमाणपत्र रद्द झालं आणि दुरुस्ती करून पुन्हा तपासून घेतल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणायची नाही, असा कागद हातात पडला.

साहेबांचं काही चुकलं नाही. चुकलं ते पुढं. संध्याकाळपर्यंत ट्रान्सपोर्टच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तारेचा फोटो फिरला, खाली आमच्या गॅरेजचं नाव. आठ दिवसांत तीन मोठे मालक आम्हाला सोडून गेले. समोरच्या गाळ्यात पंधरा दिवसांत बोर्ड लागला : 'पासिंगची गॅरंटी'. ही गॅरंटी कसली, तर पासिंगच्या दिवसापुरते भाड्याचे टायर, वेल्डिंगचे टाके मारून उभा केलेला गार्ड, नवीकोरी टेप. संध्याकाळी टायर परत, गार्ड दुसऱ्या गाडीला. माझ्या डोळ्यांदेखत एकच गार्ड चार गाड्यांना लागून आला, आणि रांग त्याच्याकडे. आमच्याकडे दोन पोरं पत्ते खेळत बसलेली. ऑक्टोबरात मी पतपेढीचे दोन हप्ते चुकवले आणि कॉम्प्रेसर विकायला काढला.

तार कुणी बांधली? ड्रायव्हरनंच पुढे सांगितलं. जासईजवळ डायफ्रॅम फाटला, दर ब्रेकला हवा जायला लागली, बंदराच्या गेटची वेळ टळत होती. पाइप दुमडला, हवा थांबली, गाडी निघाली. त्या पोराला मी फार दोष देत नाही. ट्रिप चुकली की भत्ता कुणाचा जातो, हे सगळ्यांना माहीत आहे.

फेरतपासणीला मी बिलबुक घेऊन स्वतः गेलो. कार्बन कॉपीवर माझ्याच अक्षरात होतं : 'डायफ्रॅम बदलणे जरूर, मालकाचा नकार.' साहेबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि एवढंच विचारलं, "इथं मालकाची सही का नाही घेतली?"

काय सांगणार? बावीस गाड्यांच्या गिऱ्हाइकाकडे सही मागायची लाज वाटली होती.

त्या दिवसांत उरणचे एक काका रोज यायचे. दोनच ट्रेलर, जमिनीच्या पैशातून घेतलेले. कामाची निकड नसताना दोन्ही गाड्या पिटवर लावल्या आणि चाळीस हजार आगाऊ ठेवले. "माझे गारीला दुसरा कोन हात नाय लावाचा," म्हणाले. कॉम्प्रेसर वाचला तो त्यांच्यामुळं. त्यांच्या बिलावर आजही मी मजुरी लावत नाही, आणि ते आजही त्यावरून भांडतात.

आता ड्रायव्हर मंडळींना. उतारावर न्यूट्रल करू नका. नोव्हेंबर २०२२ मध्ये पुण्यात नवले पुलाजवळ एका ट्रकनं कितीतरी गाड्या ठोकल्या, तेव्हाही पोलिसांच्या प्राथमिक तपासात हेच आलं होतं. हवेच्या टाकीतलं पाणी रोज सकाळी सोडा. ऑटो स्लॅक (आपोआप ताणला जाणारा) पान्यानं ताणून गप्प बसवू नका. तो सैल पडतोय म्हणजे दुखणं दुसरीकडे आहे. आणि स्प्रिंगच्या बूस्टरचा क्लॅम्प, स्प्रिंग दाबून धरणारा केजिंग बोल्ट न लावता खोलाल, तर आतली स्प्रिंग छाती बघत नाही.

समोरचा गाळा दोन वर्षांनी बंद झाला. का, ते मी विचारलं नाही. बावीस ट्रेलरवाले मालक गेल्या वर्षी परत आले, जणू मधे काही झालंच नव्हतं. मीही काही बोललो नाही. बिलबुक पुढं सरकवलं आणि खाली बोट ठेवलं.

त्यांनी पेन मागितलं.