साडेपाच ते साडेसहा : नोकरी सांभाळून अद्भुत कादंबरी

नोकरी करून लिहिणारे बडोद्यात पुष्कळ आहेत. अद्भुत कादंबरीची, म्हणजे कल्पित राज्य आणि जादू असलेल्या कादंबरीची, अडचण मात्र थोडी निराळी आहे. सामाजिक कादंबरी लिहिणारा ऑफिसातून घरी निघतो तेव्हा त्याच्या कादंबरीतलं जग रस्त्यावर तसंच उभं असतं. कल्पित राज्याचं तसं नाही. दिवसभर पुरवठादारांची बिलं जुळवल्यावर तिथली नदी कोणत्या दिशेला वाहते हेही आठवावं लागतं. वेळ कमी पडतोच, पण त्याहून जास्त खर्ची पडतं ते त्या जगात पुन्हा शिरताना. म्हणून माझी सगळी व्यवस्था एकाच गोष्टीसाठी आहे : बसल्यापासून पाच मिनिटांत पहिलं वाक्य कागदावर यायला हवं.

हिशेब साधा आहे. शनिवार धरून कामाचे दिवस वर्षाला साधारण २९० होतात. त्यातले पन्नास बुडणार असं आधीच धरावं. उरलेल्या २४० दिवसांत रोज ३०० शब्द म्हणजे ७२,००० शब्द. डेमी आकाराच्या पानावर २८० ते ३०० शब्द बसतात, म्हणजे सुमारे अडीचशे पानांचं पुस्तक. ३०० शब्द म्हणजे वहीची दोनेक पानं. सकाळी साडेपाच ते साडेसहा या तासात ती होतात. रात्री मी नवीन लिहीत नाही. आकड्यांनी थकलेल्या डोक्याला संवाद सुचतात, पण जागा दिसत नाही, आणि या प्रकारच्या कादंबरीत जागा दिसली नाही तर काहीच उभं राहत नाही. पहिला खर्डा हाताने लिहितो आणि रविवारी टाइप करतो. तीच पहिली दुरुस्ती.

हिशेब खात्यातल्या माणसाचे बुडणारे दिवस ठरलेले असतात. जीएसटीची विवरणपत्रं दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेला भरायची असतात, तेव्हा त्यांच्या आदल्या दोन दिवशी ३०० शब्दांची अपेक्षा ठेवत नाही. मार्चमध्ये नवा भाग सुरू करत नाही, जुना तपासतो. नवरात्रात बडोदं रात्री उशिरापर्यंत गरब्यात असतं, पहाटेचा तास झोपेला द्यावाच लागतो; ते नऊ दिवस नकाशे आणि नावं यांना. दिवाळी अंकासाठी कथा द्यायची असेल तर बहुतेक संपादक जुलै-ऑगस्टमध्ये मजकूर मागतात, म्हणून ती मे-जूनमध्येच संपवायची, कादंबरी थांबवून. दोन कल्पित जगं एकाच महिन्यात चालवू नयेत. एकातले नियम दुसऱ्यात गळतात.

थांबायचं कुठे, हे सुरुवात करण्याइतकंच महत्त्वाचं. प्रसंग संपवून उठलं की दुसऱ्या दिवशी कोरं पान समोर येतं. वाक्य पूर्ण करावं आणि प्रसंग उघडा ठेवावा : दारावर थाप पडली आहे, बाहेर कोण आहे ते मला माहीत आहे, लिहिलेलं नाही. खाली पेन्सिलने तीन ओळी. कोण कुठे उभं आहे, कोणाच्या हातात काय आहे, पुढे काय होणार. यातली दुसरी ओळ कधीही टाळू नये. लढाईच्या प्रसंगात एका हातात मशाल, दुसऱ्यात तलवार आणि तिसऱ्याने दार उघडलं, असं होतं ते या ओळीअभावी.

बाकीचं काम दोन वह्या करतात. एक रोजकीर्द, दुसरी खतावणी. नावं हिशेबाच्या धंद्यातलीच ठेवली आहेत : रोजच्या नोंदींची वही आणि खातेवार नोंदींची वही. रोजकीर्दीत कथेतल्या प्रत्येक दिवसाला एक ओळ : तिथी, कोण कुठून कुठे गेलं, किती कोस, हवा कशी होती. खतावणीत प्रत्येक माणसाला, गावाला, वस्तूला एक पान आणि तिथे फक्त कागदावर आलेल्या गोष्टी, प्रकरण क्रमांकासह. मनात असलेलं पण न लिहिलेलं खतावणीत चढवायचं नाही, नाहीतर वाचकाला सांगितलंय असं वाटून पुढे जातो आणि वाचक मागे राहतो. नोंदी जेवणाच्या सुट्टीत होतात. वीस मिनिटं पुरतात, कारण यात सुचायचं काही नसतं.

जादूचं खातं मी सर्वांत काटेकोर ठेवतो. प्रत्येक मंत्र कोणाच्या नावे पडला आणि त्याची किंमत कशातून भरली, हे दिसलं पाहिजे. मंत्राने ताप येत असेल तर तो किती दिवस टिकतो? विसाव्या प्रकरणात नायक तापाशिवाय तोच मंत्र वापरत असेल तर वाचक तिथेच पुस्तकावरचा विश्वास काढून घेतो. सवलत द्यायची असेल तर तिचं कारण आधीच्या प्रकरणात पेरलेलं हवं, आणि खतावणीचं पान उघडलं की ते पेरलंय की नाही हे लगेच कळतं.

तिथीचा रकाना का? चंद्र चुकतो म्हणून. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, पुढे रोज साधारण ५० मिनिटांनी उशिरा. शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, वद्य अष्टमीचा तेव्हा उगवतो. चांदण्यात पळून जायचं असेल तर पात्रांनी ठरवलेली वेळ आणि तिथी जमली पाहिजे. मराठी वाचक पंचांग पाहणारा आहे. हे त्याच्या लक्षात येतं. अंतराचंही तसंच. बैलगाडी तासाला तीन-चार किलोमीटर चालते, चालणारा माणूस ओझं घेऊन दिवसाला २५ ते ३०. घोडा चौखूर दिवसभर धावत नाही. सैन्य एकट्या माणसापेक्षा हळू जातं, कारण त्याचा वेग बाजारबुणगे आणि रसद ठरवतात.

जागेसाठी फार लांब जायची गरज पडली नाही. पावागड बडोद्याहून पन्नासेक किलोमीटरवर आहे. गुजरातचा सुलतान महमूद बेगडा याने तो १४८४ मध्ये घेतला, वेढा दीड वर्षाहून जास्त चालला होता. गडावरची टाकी आणि पायथ्याशी चांपानेरचे तलाव पाहिले की कल्पित गड लिहिताना पहिला प्रश्न पाण्याचा पडतो : किती माणसं, किती महिने, पाणी साठवलंय कुठे? बडोद्यातून वाहणाऱ्या विश्वामित्री नदीतल्या मगरींनी माझ्या कल्पित नदीतल्या प्राण्याला सवयी दिल्या. हिवाळ्यात त्या काठावर उन्हात पडून असतात, काठाच्या मातीत बिळं करतात, पुरात वस्तीत शिरतात. कल्पित प्राण्याचं रूप कसंही चालेल. त्याची थंडीतली आणि पावसातली वागणूक ठरलेली असली की तो खरा वाटतो. जुन्या स्वाऱ्या, शस्त्रं, खाणंपिणं यांसाठी बडोद्याच्या मांडवी भागातलं मध्यवर्ती ग्रंथालय आहे. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल बॉर्डन यांना बोलावून बडोद्यात ग्रंथालयांची जी उभारणी केली, तिचं हे केंद्र.

नावांवर थोडं थांबतो, कारण इथे मराठीत लिहिणाऱ्याचे आठवडे जातात. गावाचं नाव अर्ध्या कादंबरीत बदलावंसं वाटतं. ‘मेघाडे’ शोधून बदललं तरी ‘मेघाड्यात’, ‘मेघाड्याहून’, ‘मेघाडेकर’ यांतले निम्मे तसेच राहतात. ‘तळपूर’ शोधलं तर ‘तळपुरात’ सापडत नाही, कारण दीर्घ ऊकार ऱ्हस्व होतो. म्हणून ‘मेघाड’, ‘तळप’ एवढंच शोधावं आणि ‘सगळे बदला’ न दाबता एकेक पाहत जावं. त्याहून बरं म्हणजे नाव पक्कं करण्याआधीच त्याला सगळ्या विभक्ती लावून, मोठ्याने बोलून पाहाव्यात. दुसरा धोका ‘ऱ्या’चा. हे अक्षर संगणकात दोन वेगळ्या प्रकारे साठवलं जातं. फोनवर एका प्रकारे आणि संगणकावर दुसऱ्या प्रकारे टाइप झालं असेल तर डोळ्याला सारखं दिसतं, पण शोधताना एकच सापडतं. दोन्ही कळफलकांवर टाइप करून दोनदा शोधावं.

हस्तलिखित छपाईकडे गेलं की पुन्हा नावांचीच काळजी. मराठीतली बरीच पानजुळणी अजून जुन्या फॉन्टमध्ये होते. युनिकोड, म्हणजे फोनवर-संगणकावर हल्ली टाइप होणारा मजकूर त्यात उतरवताना पहिली वेलांटी सरकते, अवग्रह गळतो, अनोळखी जोडाक्षरं फुटतात. नेहमीचे शब्द मुद्रितशोधक पकडतो. कल्पित नावं त्याला मुळातच माहीत नसतात. खतावणीतली सगळी नावं एका पानावर लिहून ते पान आधी जुळाऱ्याकडून उतरवून घ्यावं आणि जे जोडाक्षर फुटेल ते नाव तेव्हाच बदलावं. हीच यादी मुद्रितशोधकालाही द्यावी. नकाशा समोरासमोरच्या दोन पानांवर असेल तर मधल्या शिवणीपाशी दोन्हीकडे १० ते १२ मिलिमीटर जागा मोकळी सोडावी, नाहीतर राजधानी बांधणीत जाते. नकाशा रेघांचाच ठेवावा. राखाडी छटा पिवळसर कागदावर मळकट उमटतात.

कागदपत्रं आधी पाहून ठेवली म्हणजे पुढे मन मोकळं राहतं. खाजगी नोकरीत नेमणूकपत्रातलं ‘इतर व्यवसाय’ हे कलम वाचून लेखी कळवावं. केंद्र सरकारच्या नोकरांना १९६४ च्या वर्तणूक नियमांतला नियम १५ प्रासंगिक साहित्यिक काम करू देतो, कामावर परिणाम होता कामा नये. ऑफिसच्या संगणकावर एक ओळही लिहू नये. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम १७ नुसार नोकरीचा भाग म्हणून केलेल्या लेखनाचा पहिला मालक नोकरी देणारा असतो, आणि कादंबरी त्या भागात नव्हती हे दाखवायची वेळ येऊच नये.

प्रकाशकाच्या करारात मुदत आणि प्रदेश लिहिलेले हवेत. हक्क लेखी सोपवले पण मुदत लिहिली नाही, तर कलम १९ ती पाच वर्षं धरतं. प्रदेश लिहिला नाही तर भारत. सोपवलेला हक्क वर्षभरात वापरलाच नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो संपतो. मानधन छापील किमतीवर की हातात आलेल्या रकमेवर, हे आकड्यासह लिहून घ्यावं. अद्भुत कादंबरीत आणखी एक ओळ घालावी : नकाशा, पात्रं आणि त्याच जगातल्या पुढच्या भागांचे हक्क लेखकाकडे राहतील. पहिल्या पुस्तकाच्या वेळी याला सहसा कोणी हरकत घेत नाही.