इटाउमासमोर आता उभं कुणाला करायचं?

ब्रिटनचा तरुण हेवीवेट बॉक्सर मोझेस इटाउमा आणि जुना खेळाडू डिलियन व्हाइट यांची फाइट होऊन काही दिवस झाले तरी तो राउंड मी परत परत लावून बघतोय. राउंड म्हणजे तरी काय, ११९ सेकंद. १६ ऑगस्ट २०२५ला रियाधमध्ये घंटा झाली, इटाउमाचा एक उजवा हुक (बाजूनं वळवून मारलेला ठोसा) डोक्याच्या बाजूला बसला, व्हाइट दोरांकडे ढकलला गेला, मग एकामागून एक, एकामागून एक, आणि शेवटी परत उजवा हुक आणि गडी खाली. उठला खरा, पण पाय दुसऱ्या कुणाचे तरी असल्यासारखे चालत होते, रेफरीनं हात हलवून विषय संपवला.

आणि मला अजून कळत नाहीये की मी नक्की बघितलं काय. इटाउमा खरंच इतका भारी आहे, का ३७ वर्षांच्या व्हाइटमध्ये काही उरलं नव्हतं? बहुतेक दोन्ही. पण प्रमाण किती ते सांगता येत नाही, आणि सगळी गोची तिथेच आहे. त्या रात्री पोरगा २० वर्षांचा होता, तोवर १३ फाइट, १३ जिंकल्या, त्यातल्या ११ नॉकआउट, आणि सहा राउंडच्या पुढे आयुष्यात एकदाही गेलेला नव्हता. किती पाण्यात आहे हे बघायला आधी कुणीतरी त्याला पाण्यात उतरवायला हवा ना, हा काठावरच सगळं उरकून घरी जातोय.

लोकांना घाई झालीय. कमेंट्स बघा, अर्धे म्हणतायत थेट वर्ल्ड चॅम्पियन उसिक. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. डब्ल्यूबीओ या बॉक्सिंग संघटनेच्या रँकिंगमध्ये पोरगा वर होता हे खरं, पण रँकिंग आणि तयारी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उसिकनं जुलै २०२५ मध्ये वेम्बलीत डॅनियल डुब्वाला पाचव्या राउंडमध्ये झोपवला, आणि तो माणूस सुरुवातीचे तीन-चार राउंड फक्त समोरच्याला वाचत असतो. ज्याला सातवा राउंड कसा असतो हेच माहीत नाही त्याला उसिकपुढे उभा करणं म्हणजे प्रमोटरनं स्वतःच्याच दुकानाला काडी लावणं. उसिक नको, विषय बंद.

सगळ्यात तरुण हेवीवेट चॅम्पियन होण्याचा माइक टायसनचा रेकॉर्ड मोडायचा हे इटाउमाच्या डोक्यात होतं, २० वर्षं ४ महिने, नोव्हेंबर १९८६ मध्ये चॅम्पियन बर्बिकला हरवून. ती तारीख आता गेली आणि मला विचाराल तर बरंच झालं. सगळ्यांना टायसनचे पहिल्या राउंडचे नॉकआउट आठवतात, पण त्याच वर्षी मे महिन्यात आधी जेम्स टिलिस आणि मग मिच ग्रीन असे दोघं त्याच्यासमोर पूर्ण दहा राउंड टिकले होते हे कुणी सांगत नाही. म्हणजे टायसनला पण चॅम्पियनशिपच्या बेल्टच्या आधी दोनदा शेवटच्या घंटेपर्यंत घाम गाळावा लागला होता. इटाउमाला तेच कुणी दिलेलं नाहीये.

दिलं नाही असंही म्हणता येत नाही म्हणा, प्रयत्न झाले. मारियुश वाख, ज्यानं २०१२ मध्ये तेव्हाच्या चॅम्पियन व्लादिमीर क्लिचकोसमोर बारा राउंड काढले होते, त्याला इटाउमाला राउंड मिळावेत म्हणूनच आणला असणार. दुसऱ्या राउंडमध्ये खेळ खल्लास. (वाख तेव्हा चाळिशी पार केलेला होता, ते पण धरा.) मग डेम्सी मकीन, पहिल्याच राउंडमध्ये. याच मकीनला संपवायला फिलिप ह्रगोविचला २०२३ मध्ये बारावा राउंड उजाडला होता.

आता यावरून इटाउमा ह्रगोविचपेक्षा बारापट भारी असं गणित करू नका प्लीज. हेवीवेटमध्ये असली गणितं चालत नाहीत. जो जॉइसनं डुब्वाला हरवलं, डुब्वानं ह्रगोविचला हरवलं, आणि ह्रगोविचनं जॉइसला हरवलं. लावा आता कोण मोठा ते.

तरी ह्रगोविचचं नाव मला आवडतं. रिओ ऑलिम्पिकचं ब्राँझ, उंच, सरळ जॅब (पुढच्या हाताचा झटपट ठोसा), मार खाऊनही पुढेच येणारा. चीनच्या झांगनं त्याला पहिल्याच राउंडमध्ये खाली पाडला होता तरी उठून बारा राउंड लढला आणि पॉइंट्सवर जिंकला (वादग्रस्त, पण जिंकला). फक्त हा माणूस पुढची फाइट म्हणून नको, त्याच्या पुढची म्हणून हवा.

जर्मनीचा काबायेल तर त्याहून नको. मखमुदोव, सँचेझ, झांग, तिन्ही तगड्या हेवीवेटना त्यानं पोटात मारून मारून संपवलं. बरगडीखाली हुक बसला की दोन सेकंद काही होत नाही आणि मग माणूस घडी घातल्यासारखा खाली बसतो, ते बघवत नाही. इटाउमाला आजवर कुणी नीट पोटात मारलंय असं मला तरी आठवत नाही. हे शिकायचं असेल तर काबायेलकडून पहिल्यांदा शिकू नये. माजी चॅम्पियन जोसेफ पार्करबद्दल पण साधारण हेच, अनुभव फार जास्त आहे, दोन वर्षांनी बघू.

ब्रिटनचाच जुना खेळाडू चिझोरा? चाळिशी ओलांडलेला आहे. तिकिटं खपतील, पण परत तोच प्रश्न पडेल जो व्हाइटनंतर पडला.

बाकोले हे नाव मात्र डेंजर आहे आणि का ते जॅरेड अँडरसनला विचारा. २०२४ च्या ऑगस्टमध्ये अँडरसन २४ वर्षांचा होता, १७ पैकी १७ जिंकलेला, अमेरिकेचं पुढचं मोठं नाव. लॉस एंजेलिसला बाकोलेनं पहिल्याच राउंडमध्ये पाडला आणि पाचव्यात संपवला. तोच बाकोले सहा महिन्यांनी दोन दिवसांच्या नोटिसवर पार्करसमोर आला आणि दुसऱ्या राउंडमध्ये आडवा झाला. म्हणजे कुठला बाकोले येणार ते माहीत नाही, इटाउमा हरला तर तोटा आणि जिंकला तर "बाकोले फिट नव्हता". असा सौदा कोण करेल?

आणि चुकीचा समोरचा निवडला की काय होतं हे इटाउमाच्या घरातच माहीत आहे. २८ जानेवारी २०२३, वेम्बली, मोझेसची पहिली प्रोफेशनल फाइट, २३ सेकंदांत संपली. त्याच रात्री त्याच रिंगमध्ये त्याचा मोठा भाऊ कॅरोल, तोपर्यंत न हरलेला, मदेर्ना नावाच्या अर्जेंटिनाच्या जुन्या खेळाडूसमोर पाचव्या राउंडमध्ये नॉकआउट झाला. कागदावर सोपी वाटणारी फाइट होती ती. एका रात्रीत दोन्ही भाऊ, एक असा आणि एक तसा. मला वाटतं त्या रात्रीमुळेच त्यांचा कॅम्प घाई करत नसावा, अर्थात हा माझा अंदाज.

तर माझी निवड अमेरिकेचा जर्मेन फ्रँकलिन. हसू नका. बेल्ट नाही, पोस्टरवर चेहरा शोभत नाही, नॉकआउटचा धाक नाही. पण २०२२ मध्ये व्हाइटसमोर बारा राउंड टिकला, आणि एका जजनं तर ती फाइट बरोबरीत दिली होती. २०२३ मध्ये माजी चॅम्पियन अँथनी जोशुआसमोर परत बारा राउंड. जोशुआला त्याला हलवता आलं नाही, हनुवटी छातीत दाबून, खांद्यामागे लपून, मध्येच क्लिंच करून (समोरच्याला मिठी मारून) तो वेळ खात राहिला. बघायला बोअर होतं, मान्य, मी त्या फाइटमध्ये दोनदा मोबाइल काढला. पण मला हेच हवंय, असा माणूस ज्याला पहिला हुक लागून काहीच होणार नाही, दुसरा लागूनही होणार नाही, आणि मग इटाउमाला विचार करावा लागेल. जॅबवर परत यावं लागेल, दम राखावा लागेल. आणि सहावा राउंड संपल्यावर कोपऱ्यात स्टुलावर बसलेला इटाउमा नाकानं श्वास घेतोय का तोंडानं, मला फक्त तेवढं बघायचंय.