लातूरची जुनी रेल्वे लाइन शोधायला जाताय? मग 'स्टेशन' हा शब्द तोंडातून काढू नका

पहिली गोष्ट हीच सांगतो, कारण माझे १८० रुपये आणि सकाळचे दोन तास यातच गेले. बसस्टँडवरून बाहेर आलो, रिक्षावाल्याला म्हणलं जुन्या रेल्वे स्टेशनला जायचंय, तो म्हणला बसा की मामा, आणि नेऊन सोडलं कुठं तर शहराबाहेरच्या नव्या ब्रॉडगेज स्टेशनवर! जुनं म्हणलं होतं म्हणलं तर म्हणे स्टेशन एकच हाय. वर १८० मागितले, तेही सकाळी रिकाम्या रस्त्यानं. भाव बसायच्या आधी ठरवा आणि 'जुनी रेल्वे लाइन' एवढंच म्हणा. लातुरात हे नाव पत्त्यात अजून चालतं, दुकानाच्या पाट्यांवरसुद्धा आहे. खरं तर रिक्षा करूच नका, सिटी बसनं या किंवा चालत या.

मी आलो होतो बार्शी लाइटसाठी, म्हणजे इथल्या जुन्या छोट्या रेल्वेसाठी. आमचे आजोबा मुरूडहून कापसाच्या गाठींसोबत याच गाडीनं बार्शीला जायचे. रुळांमधलं अंतर अडीच फूट असलेला नॅरोगेज, कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं उभा केलेला. १८९७ ला कुर्डुवाडी ते बार्शी सुरू झाला आणि १९११ ला लातूरला पोचला, तेव्हा लातूर निजामाकडं होतं. इंजिनाचं वजन बऱ्याच चाकांवर असं वाटलेलं की एका अ‍ॅक्सलवर म्हणजे चाकांच्या एका जोडीवर पाच टनाच्या वर भार नाही, म्हणून हलके रूळ चालले आणि स्वस्तात लाइन झाली. ब्रॉडगेज २००७ ला लातूर-उस्मानाबाद आणि २००८ ला पुढं कुर्डुवाडीपर्यंत आलं, पण ते शहराच्या बाहेरून, त्यामुळं गावातली जुन्या रुळांची पट्टी उघडी पडली आणि तिचा रस्ता झाला.

आता काय बघायचं. जुन्या रेल्वे लाइनच्या बसस्टॉपवर उभं राहून स्टेशनची इमारत शोधत बसू नका, रस्त्याकडं बघा. बाजूच्या गल्ल्या काटकोनात वळतात आणि हा एकटाच रस्ता लांबलचक सरळ जाऊन मग हळूच वाकतो, कारण गाडीला झटक्यात वळता येत नाही. हे एकदा डोळ्यात बसलं की मग नकाशा लागत नाही. सिग्नल कॅम्प हे एका भागाचं नाव ऐकून मी तिथं अर्धा तास सिग्नलचा खांब शोधला, मला एकही दिसला नाही, तुम्ही तो वेळ घालवू नका.

आणि मग स्टॉपच्या मागच्या गल्लीत एका घराच्या फाटकाला दोन्ही बाजूंनी रूळ रोवलेले दिसले! हिरवा रंग दिलेला, वरच्या टोकाला फिशप्लेटची, म्हणजे रूळ जोडायच्या पट्टीची, दोन भोकं, एका भोकातून कपडे वाळवायची तार ओवलेली. हात लावून बघितलं, उंची माझ्या चार बोटांएवढी, आत्ताचा ब्रॉडगेजचा रूळ याच्या दुप्पट भरतो. आतून एक आजी आल्या, "काय मोजायलाव बाबा?" सांगितल्यावर म्हणल्या, "इथनंच जायची की गाडी, लेकरं पळत चढायची." मग चहा पाजला. मला खरंच भरून आलं. फोटो काढायच्या आधी घरातल्यांना विचारा, ते लोक प्रेमानं दाखवतात.

आता वाईट पट्टा. शहर संपता संपता हरंगुळकडं डांबर सरतं आणि पुढं नाला. वेडी बाभूळ, फुटक्या बाटल्या, डुकरं, आणि पायाखाली खडी वाटते ती वरून नुसती, खाली चिखल. मी म्हणलं जुना बांध आहे, चालू, आणि चारशे मीटरला पाऊण तास लागला, बुटातून काटा वर आला, पाणी संपलं, सावली नाहीच. माझं स्पष्ट मत, हा तुकडा करू नका, दिसत काहीच नाही. हट्टच असेल तर जाड तळाचे बूट, दोन लिटर पाणी आणि सकाळी आठच्या आत. एप्रिल-मेमध्ये तर नकोच.

दुसऱ्या दिवशी याच लाइनवरचं मुरूड, येडशी निवांत झालं, एसटी मिळते, अडचण काही नाही.

मुरूडला ब्रॉडगेजच्या फाटकापाशी थांबलो तेव्हा एप्रिल २०१६ आठवला, दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला दहा टाक्या, पाच लाख लिटर. मिरज ते लातूर, बार्शी लाइटचीच ही दोन टोकं. आजोबांचा कापूस गेला त्याच वाटेनं आम्हाला पाणी आलं. फाटक उघडलं तरी मी जरा वेळ तिथंच उभा होतो.